रथ कोणाचा, सारथ्य कोणाचे?

हुसेनसागराच्या काठाने, सचिवालय आणि लुंबिनी पार्क यांच्या अंगाने जाणारा एन.टी.आर. मार्ग आपणां हैदराबादकरांना परिचित आहे तो मुख्यतः अनंत चतुर्दशीमुळे. विसर्जनासाठी रांगेने उभे असलेले ट्रक, काठावरच्या प्रचंड क्रेन आणि त्यांच्या दोरखंडांना लटकत पाण्यात उतरणारे गणराय, हे त्या रस्त्याचे आपल्या मनातील चित्र. त्याच रस्त्यावर ११ फेब्रुवारी २०२३ रोजी जगातील बावीस निवडक चालकांनी विजेवर चालणाऱ्या मोटारींची शर्यत लावली. २०१३ नंतर भारतात झालेली जागतिक अजिंक्यपदाची ही पहिलीच मोटार शर्यत. पावणेतीन किलोमीटरांहून थोडी अधिक लांबीची वाट, तीत अठरा वळणे, दोहों बाजूंना सिमेंटच्या भिंती. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, ती पुन्हा व्हावयाची होती. पण ती रद्द झाली. रद्द का झाली आणि त्यात कोणाचा किती पैसा गेला, याची चर्चा वृत्तपत्रांनी यथेच्छ केलेली आहे. ती या स्तंभात नको. मला सांगावयाचे आहे ते त्या शर्यतीने आमच्या घरी मागे ठेवलेल्या एका वादाविषयी. तो वाद अद्याप मिटलेला नाही.

शर्यत जिंकली ती झां-एरिक व्हर्न या फ्रेंच चालकाने. दुसरा आला न्यूझीलंडचा निक कॅसिडी. दोघांतले अंतर अर्ध्या सेकंदाहूनही कमी. तिसऱ्या क्रमांकाने रेषा ओलांडणाऱ्या सेबास्टियन ब्युएमीला नियमभंगाबद्दल दंड झाला आणि तो मान पोर्तुगालच्या आंतोनियो फेलिक्स दा कोस्ताकडे गेला. सर्वांच्या पुढून सुटलेल्या मिच इव्हान्सला तर एका वळणावर त्याच्याच संघातला सहकारी येऊन धडकला आणि दोघांच्याही आशा तेथेच संपल्या. (आपल्या संस्था-मंडळांच्या निवडणुका पाहिलेल्यांना या गोष्टीचे फारसे आश्चर्य वाटू नये.)

माझा भाचा माधापुरात संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. तिकीट काढून तो ती शर्यत पाहून आला आणि आला तो हिरमुसलेला. "मामा, जो जिंकला तो सर्वांत वेगवान नव्हताच. शेवटच्या फेऱ्यांत मागचा कॅसिडी त्याच्याहून वेगाने जाऊ शकत होता. व्हर्नने नुसती वाट अडवून धरली. ही कसली थोर कामगिरी?"

त्या वेळी आमचे शेजारी अण्णा बसलेले होते. अण्णा दक्षिण मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते. मीटर गेजच्या काळात काचीगुड्याहून मनमाडला जाणारी अजिंठा एक्सप्रेस त्यांनी कितीदा नेली याची गणती नाही. मराठवाड्यात माहेर असलेल्या आपल्या कितीतरी मायबहिणी दिवाळीला त्यांच्याच हाताने सुखरूप पोचल्या असतील, आणि त्यांतील एकीलाही अण्णांचे नाव ठाऊक नसेल. मोटार शर्यतीतले त्यांना काही कळत नाही असे भाच्याने गृहीत धरले होते. अण्णांनी एवढेच विचारले, "त्या गाडीत वीज किती भरलेली असते?"

या प्रश्नाने विषयाला वेगळेच वळण लागले. त्या मोटारींत शर्यतीपुरती ठरावीक वीज दिलेली असते. त्या शर्यतीत मध्ये थांबून ती भरता येत नव्हती. पूर्ण जोराने गाडी हाकली तर शेवट गाठण्यापूर्वीच साठा संपेल, अशाच बेताने अंतर आखलेले असते. म्हणून चालकाला वळणापूर्वी बरेच आधी पाय काढून घ्यावा लागतो, गाडी आपल्या गतीने वाहू द्यावी लागते, आणि ब्रेक लावताना चाकांच्या गतीतून जी वीज परत मिळते ती कणाकणाने साठ्यात जमा करावी लागते. शिवाय जो सर्वांच्या पुढे असतो त्याला वारा फोडावा लागतो. मागच्याला पुढच्याची ओट मिळते आणि त्याची वीज वाचते. व्हर्न पुढे होता, आणि शिल्लक वीज त्याच्याजवळ मागच्या कॅसिडीपेक्षा कमी होती. खर्च अधिक आणि शिल्लक थोडी, असा हा संसार. सरळ रस्त्यावर मागच्याला अंगावर येऊ द्यावयाचे, वळणाच्या तोंडाशी नेमकी तेवढीच जागा व्यापावयाची, आणि पुढच्या सरळ रस्त्याला लागताना पुन्हा अंगुळभर पुढे असावयाचे; हे त्याने फेरीमागून फेरी केले.

"मग तर तोच खरा ड्रायव्हर," अण्णा म्हणाले. "हँडल उघडायला कोणीही उघडतो, बाळ. बंद केव्हा करायचे, यात सगळे आहे. स्टेशन चार मैलांवर असताना इंजिनाचा जोर काढून घ्यायचा आणि गाडी अशी सोडायची, की ती आपली आपण येऊन फलाटाला लागली पाहिजे. कोळसा वाचतो, डिझेल वाचते आणि वेळही चुकत नाही. आमच्यात त्यालाच मानायचे."

भाच्याला हे पटले नाही. अजूनही पटलेले नाही. परंतु मोटार शर्यतींच्या इतिहासात या प्रकारची एक कामगिरी फार मोठी मानली जाते हे त्यानेच मागाहून शोधून मला दाखविले. २१ जून १९८१ रोजी माद्रिदजवळच्या हारामा येथे स्पेनची शर्यत झाली. कॅनडाचा जिल व्हिलनव्ह फेरारी मोटारीत होता. त्या मोटारीच्या इंजिनात बळ उदंड होते, पण वळणावर ती धड वळत नसे. हारामाची वाट तर वळणांचीच. सर्वांत पुढचा चालक रस्ता सोडून गेल्यावर व्हिलनव्ह अग्रभागी आला आणि शेवटपर्यंत तेथेच राहिला. त्याच्या मागे चार मोटारी एकीला एक चिकटून होत्या. प्रत्येक त्याच्याहून वळणावर सरस, आणि तरी एकीलाही वाट मिळाली नाही. पाचही मोटारींनी सव्वा सेकंदाच्या आत शेवटची रेषा ओलांडली. व्हिलनव्हचा तो शेवटचा विजय. पुढच्याच वर्षी, १९८२ च्या मे महिन्यात, बेल्जियममधील झोल्डर येथे त्याचा अंत झाला. जागतिक अजिंक्यपद त्याला कधीच लाभले नाही. तरीही त्याचे नाव घेताना जाणकारांचा स्वर बदलतो, आणि अनेक अजिंक्यवीरांच्या वाट्याला हा मान आलेला नाही. तो का बदलावा, हाच मूळ प्रश्न आहे.

भाच्याचे म्हणणे असे की प्रश्न मुळीच अवघड नाही, आकडे पाहावेत. आकड्यांच्या जगात वावरणाऱ्या मुलाने असे म्हणावे हे स्वाभाविकच. लुईस हॅमिल्टनचे २०२४ अखेर १०५ विजय, मायकेल शूमाकरचे ९१, दोघांचीही अजिंक्यपदे सात-सात. येथे वाद संपला. पण मग हुआन मान्युएल फांजिओचे काय करावयाचे? त्याचे विजय अवघे २४. परंतु शर्यतीही जेमतेम पन्नास-एक्कावन्न. म्हणजे दर दोन शर्यतींत जवळजवळ एक विजय, आणि अजिंक्यपदे पाच. त्याच्या काळी वर्षाकाठी आठ-नऊच शर्यती होत. अलीकडे चोवीस होतात. ज्या काळी कागदाचा तुटवडा होता त्या काळच्या कवीची आणि आजच्या कवीची तुलना पृष्ठसंख्येवर करावी, तसा हा प्रकार होय.

आकड्यांचा कावेबाजपणा पाहावयाचा तर आपल्याच देशातील उदाहरण घ्यावे. फॉर्म्युला वन या सर्वोच्च श्रेणीत उतरलेला पहिला भारतीय म्हणजे नारायण कार्तिकेयन. २००५ मध्ये तो जॉर्डन संघाकडून धावला. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत त्याला गुण मिळाले ते एकदाच, १९ जून २००५ रोजी इंडियानापोलिस येथे. तो चौथा आला आणि पाच गुण मिळाले. पुढे कधी केवळ नोंदवही चाळणारा म्हणेल, अमेरिकेच्या शर्यतीत चौथा! पण त्या दिवशी टायरांच्या दोषामुळे वीसपैकी चौदा मोटारी सुरुवातीच्या रेषेपर्यंतही न येता परत फिरल्या होत्या. धावल्या सहाच. सहांतला चौथा.

याच कार्तिकेयनची दुसरी कामगिरी पाहा. ३० ऑक्टोबर २०११, दिल्लीजवळील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत. कार्तिकेयन ज्या स्पॅनिश संघाकडून उतरला त्या संघाच्या मोटारी त्या वर्षीच्या सर्वांत मंद मोटारींपैकी होत्या. वर्षाच्या मध्यावर त्याला संघातून उतरवून त्याच्या जागी एका तरुण ऑस्ट्रेलियनाला बसविण्यात आले होते. मायदेशातील या एका शर्यतीपुरते त्याला पुन्हा बोलावले. तो सतरावा आला, विजेत्याच्या काही फेऱ्या मागे. गुण शून्य. पण अठरावा कोण आला? तोच तरुण ऑस्ट्रेलियन, त्याच संघाच्या तशाच मोटारीत. त्याचे नाव डॅनियल रिकार्डो. पुढे त्याच रिकार्डोने आठ मोठ्या शर्यती जिंकल्या. तेव्हा चौथा क्रमांक मोठा की सतरावा? माझ्यापुरते उत्तर स्पष्ट आहे, आणि नोंदवही नेमके त्याच्या उलट सांगते.

मोटार शर्यतीत न्याय्य तुलना व्हावयाची तर ती एकाच संघातल्या दोघांचीच, असे जाणकार मानतात. कारण रथ सारखा असतो. उरतो तो केवळ सारथ्याचा फरक. हे सूत्र कळताच भाच्याने जे तर्कशास्त्र लढविले ते वाचकांना ऐकविल्यावाचून राहवत नाही. तो म्हणाला, "मामा, २०११ मध्ये भारतात कार्तिकेयनने रिकार्डोला मागे टाकले. २०१२ मध्ये रिकार्डो आणि आपला हा हुसेनसागरचा व्हर्न एका संघात होते. व्हर्नचे गुण सोळा, रिकार्डोचे दहा. २०१४ मध्ये रिकार्डो आणि सेबास्टियन व्हेटेल एका संघात. रिकार्डोचे २३८, व्हेटेलचे १६७. आणि व्हेटेल म्हणजे चार वेळा अजिंक्यवीर, भारतात झालेल्या तिन्ही शर्यती जिंकणारा! म्हणजे व्हेटेलहून रिकार्डो मोठा, रिकार्डोहून व्हर्न मोठा, आणि कार्तिकेयनही रिकार्डोहून मोठा, म्हणजे व्हेटेलहून तर मोठाच!"

अण्णा मनापासून हसले. तर्क वरकरणी निर्दोष, निष्कर्ष हास्यास्पद. २०१३ मध्ये त्याच व्हर्नला त्याच रिकार्डोने मागे टाकले, आणि वरच्या संघात बढती मिळाली ती रिकार्डोला, हे भाच्याने सोयीस्करपणे गाळले होते. एका दिवसाची कामगिरी आणि माणसाची योग्यता या दोन गोष्टी एका तराजूत घातल्या की असे होते. एखाद्या कवीची एखादीच कविता अजरामर असते. तेवढ्यावरून तो महाकवी ठरत नाही; पण तो महाकवी नाही म्हणून ती कविता कमी प्रतीचीही ठरत नाही. म्हणून आम्ही प्रश्न आवळून घेतला: थोर चालक कोण हे राहू द्या, थोर कामगिरी कोणती, एवढेच बोलू.

गाडी नाठाळ असावी आणि मार्ग बिकट असावा, ही अट आमच्यापैकी प्रत्येकाने मान्य केली. पाऊस हा या खेळातला मोठा समतावादी आहे. ओल्या रस्त्यावर इंजिनाचे बळ पूर्णपणे वापरताच येत नाही, आणि मग हाताचे कसब उघडे पडते. ११ एप्रिल १९९३ रोजी इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथे ब्राझीलचा आयर्टन सेना पावसात पहिल्याच फेरीत पाचव्या स्थानावरून पहिल्या स्थानावर गेला, तेव्हा त्याच्यापुढच्या काही मोटारी त्याच्या मोटारीहून निःसंशय सरस होत्या. १४ मे १९६१ ला माँटे कार्लोच्या अरुंद रस्त्यांवर स्टर्लिंग मॉसने कमी ताकदीच्या लोटस मोटारीत शंभर फेऱ्या, म्हणजे पावणेतीन तास, तीन फेरारींना थोपवून धरले आणि ३.६ सेकंदांनी जिंकला. मॉसही कधी अजिंक्यवीर झाला नाही. १९५८ मध्ये पोर्तुगालच्या शर्यतीनंतर आपल्या प्रतिस्पर्ध्याला बाद ठरविले जात असता त्याच्या बाजूने साक्ष द्यावयास तो आपण होऊन गेला. वर्षअखेर अजिंक्यपद त्या प्रतिस्पर्ध्याला मिळाले, एका गुणाने. भाचा म्हणतो, ही कामगिरीत मोजावयाची गोष्ट नव्हे. मी म्हणतो, मोजावयाची कशात मग?

आता फांजिओ. ४ ऑगस्ट १९५७, जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग. एका फेरीचे अंतर जवळजवळ तेवीस किलोमीटर, डोंगर-दरी-जंगलातून जाणारी वाट, अशा बावीस फेऱ्या. फांजिओचे वय शेहेचाळीस. प्रतिस्पर्धी माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स हे पंचविशीच्या आगेमागचे इंग्रज तरुण. फेरारीवाले न थांबता जाणार हे ओळखून फांजिओने आपल्या माझेराटीत अर्धेच इंधन भरले. हलक्या गाडीने आघाडी घ्यावयाची आणि मध्ये एकदा थांबून इंधन व टायर घ्यावयाचे, असा बेत. अर्ध्या मिनिटाच्या आसपास आघाडी मिळालीही. पण थांबा लांबला. तो पुन्हा रस्त्याला लागला तेव्हा पाऊण मिनिटाहून अधिक मागे पडला होता. नंतरच्या फेऱ्यांत त्याने त्या वाटेचा विक्रम पुन्हा पुन्हा मोडला. सरावाच्या वेळी सर्वांत जलद म्हणून जी वेळ त्याने स्वतःच नोंदविली होती, तिच्याहून शर्यतीतली त्याची सर्वांत जलद फेरी आठ सेकंदांनी कमी होती. एकविसाव्या फेरीत त्याने दोघांनाही मागे टाकले आणि शर्यत जिंकली, तीही ३.६ सेकंदांनीच. त्याचे पाचवे अजिंक्यपद तेथेच निश्चित झाले. हा त्याचा शेवटचा मोठा विजय.

पण या कथेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग त्यानंतरचा आहे. आपण असे यापूर्वी कधी चालविले नव्हते आणि पुन्हा कधी चालवू इच्छीत नाही, अशा अर्थाचे उद्गार फांजिओने मागाहून काढले. पुढच्याच वर्षी तो निवृत्त झाला आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन शांतपणे वारला. कॉलिन्स मात्र वर्षभरात त्याच वाटेवर गेला. हॉथॉर्न १९५९ च्या जानेवारीत, साध्या रस्त्यावर.

येथे मला माझ्या शाळेतील एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमचा एक माजी विद्यार्थी, दहावी होऊन इंटरच्या पहिल्या वर्षात गेलेला. वर्गात मागे बसणारा, पण चित्रकलेत हात चांगला असलेला मुलगा. रात्री बारानंतर हायटेक सिटीच्या बाजूच्या रुंद रस्त्यांवर मुले मोटारसायकलींच्या शर्यती लावतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. पोलीस अधूनमधून गाड्या जप्त करतात, पालकांना बोलावून समज देतात, आणि महिन्याभराने पुन्हा तेच सुरू होते. २०११ साली एका ख्यातनाम क्रिकेटपटूचा एकोणीस वर्षांचा मुलगा बाह्यवळण रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात सापडून दगावला, तेव्हा सारे शहर हळहळले होते. या मुलाची बातमी कोठे आली नाही. मित्राची गाडी, एका उड्डाणपुलापासून दुसऱ्या उड्डाणपुलापर्यंतची पैज, आणि शेवटी दुभाजक. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

काही महिन्यांनी तो दाखल्याची प्रत घेण्यासाठी कुबड्या घेऊन शाळेत आला. मी त्याला बसविले, चहा मागविला. पुढचे शिक्षण, कृत्रिम पाय, जयपूरची संस्था असे बोलणे झाले. उठताना तो म्हणाला, "सर, त्या दिवशी पहिला मीच आलो होतो."

त्याच्या आवाजात खंत नव्हती. जे त्याचे होते आणि जे कोणी विचारले नव्हते, ते त्याने मला सांगितले. तो खरोखरच पहिला आलेला होता. दुसऱ्या पुलाचा खांब त्याने इतरांच्या आधी ओलांडला. गाडी आवरली नाही ती त्याच्यापुढे.

थोर कामगिरी कशाला म्हणावयाचे हा वाद चहाच्या कपाबरोबर संपणारा नाही असे मला का वाटते, ते यावरून ध्यानी यावे. आपण ज्याला टाळ्या देतो ते मुले करतात. आणि टाळ्या आपण देतो त्या बहुधा वेगाला. थांबण्याला टाळी पडल्याचे कोणी ऐकले आहे काय?

मी भाच्याला म्हटले, तुझ्या यादीत निकी लाउडाची एक शर्यत घाल. त्याने आनंदाने होकार दिला, कारण १ ऑगस्ट १९७६ ला त्याच न्युर्बुर्गरिंगवर जळत्या मोटारीत होरपळलेला, इस्पितळात ज्याच्यासाठी धर्मगुरूने अंतिम संस्कारही उरकले होते असा लाउडा अवघ्या सहा आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला, मोंझाला पुन्हा मोटारीत बसला आणि चौथा आला. जखमा ओल्या होत्या. शिरस्त्राण काढताना पट्ट्या रक्ताने माखल्या. ती शर्यत भाच्याने घातलीच. पण मला अभिप्रेत होती ती दुसरी. २४ ऑक्टोबर १९७६, जपानमधील फुजी, वर्षातली शेवटची शर्यत. लाउडा तीन गुणांनी पुढे. मुसळधार पाऊस, धुके, रस्त्यावर पाण्याचे लोट. दोन फेऱ्यांनंतर लाउडाने मोटार आत आणली आणि तो उतरला. इंजिन बिघडले असे सांगू, असे संघातील माणसाने सुचविले. लाउडाने ते नाकारले, आणि आपण आपल्या इच्छेने थांबलो असेच सांगितले, असे म्हणतात. जेम्स हंट त्या दिवशी तिसरा आला आणि एका गुणाने अजिंक्यवीर झाला.

"जी शर्यत त्याने सोडली तीच थोर?" भाचा म्हणाला. "मामा, मग हंटचे काय? तो त्याच पावसात शेवटपर्यंत होता. तो काय मूर्ख?"

हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला मजजवळ पुरते उत्तर नाही. हंटही शूर होता. खेळाचा नियम चालविण्याचा आहे, उतरण्याचा नाही. शिवाय सर्वच लाउडासारखे उतरले असते तर शर्यत राहिली कोठे? मी एवढेच म्हणेन, की सहा आठवड्यांत मोंझाला परतलेल्या माणसाला कोणी भित्रा म्हणू शकत नव्हते. म्हणूनच फुजीचे उतरणे इतके बोलके ठरले. ज्याने कधी वेग पाहिलाच नाही त्याच्या थांबण्याला किंमत नसते. लाउडा १९७७ मध्ये पुन्हा अजिंक्यवीर झाला. आणि १९८४ मध्ये, मधली दोन वर्षे निवृत्तीत काढून परत आलेला असताना, आपल्याच संघातल्या अधिक वेगवान आलाँ प्रॉस्टला अर्ध्या गुणाने मागे टाकून तिसऱ्यांदा. अर्धा गुण! परीक्षकाचे काम केलेल्या माणसाला या अर्ध्या गुणाचे माहात्म्य वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे घाटातल्या बैलगाडा शर्यतींत, ज्यांच्यावर २०१४ मध्ये बंदी आली आणि २०२१ च्या डिसेंबरात ज्यांना पुन्हा परवानगी मिळाली, कौतुक होते ते बैलाचे. पुणे जिल्ह्यात गावोगावी बैलांची नावे मुखोद्गत असतात. गुलाल बैलावर उधळतात. मोटार शर्यतीत नेमके उलट: मोटारीत शेकडो अभियंत्यांची बुद्धी ओतलेली, आणि हार एका माणसाच्या गळ्यात. दोन्ही पद्धतींत अर्धेच सत्य आहे. आपल्या महाभारतकारांनी मात्र ही फोड फार जाणतेपणाने केलेली आहे. तेथे रथी वेगळा, सारथी वेगळा. आणि निव्वळ सारथ्याची अशी एक थोर कामगिरी वनपर्वात आहे, जिची अखेर योगायोगाने आपल्याच विदर्भात होते.

नलराजा सर्वस्व गमावून, रूप पालटून, बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी झाला आहे. दमयंतीचे दुसरे स्वयंवर उद्याच होणार असा निरोप येतो. एका दिवसात अयोध्येहून कुंडिनपूर गाठावयाचे. बाहुक पागेत जातो आणि निवडतो ते कृश दिसणारे घोडे. राजा चिडतो, ही मरतुकडी जनावरे कशाला? बाहुक आपली निवड बदलत नाही. (गाडीची पारख हीसुद्धा चालकाच्या कामगिरीत धरावी काय? भाच्याच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता, आता आहे.) रथ असा धावतो की वाटेत राजाचे उत्तरीय उडून पडते, आणि ते आणावयास थांबू म्हणेपर्यंत ते एक योजन मागे राहिलेले असते. पण मला विलक्षण वाटते ते पुढेच. ऋतुपर्ण धावत्या रथातून एका बेहड्याच्या झाडाची पाने-फळे मोजून दाखवितो, तेव्हा एवढ्या घाईत बाहुकच रथ थांबवितो, खाली उतरतो आणि फळे मोजून पाहतो. राजा म्हणतो, उशीर होईल. सारथी म्हणतो, थांबा. अश्वविद्येच्या बदल्यात अक्षविद्या तो तेथेच मिळवितो, आणि त्याच्या अंगातला कली तेथेच बाहेर पडतो. मगच रथ पुढे निघतो, आणि संध्याकाळी कुंडिनपूर येतेच.

आणि कुंडिनपुरात दमयंती माडीवर आहे. तिला सारथी दिसलेला नाही. दिसता तरी त्या कुरूप बाहुकाला तिने ओळखले नसते. तिला ऐकू आला तो रथाचा घोष. असा रथ नलाखेरीज कोणी हाकीत नाही, एवढे तिला कळले. अजिंक्यपदे नाहीत, सेकंद नाहीत, गुण नाहीत. चाकांचा नुसता आवाज, आणि तो ओळखणारे एक माणूस.

हे मी बरेच रंगून सांगितले असावे, कारण भाच्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाला, "पण मामा, विजेच्या मोटारीला आवाजच नसतो. हुसेनसागरला दमयंतीने काय केले असते?"

मजजवळ उत्तर नव्हते. अण्णांनी कप खाली ठेवला. "आवाज असतो रे, इंजिनाचा नसतो एवढेच. टायरचा असतो, रस्त्याचा असतो. आम्ही ड्यूटीवर नसताना डब्यात बसून जायचो ना, तेव्हा पुढे इंजिनावर कोण आहे ते परभणी येईपर्यंत कळायचे. गाडी फलाटाला लागताना हातातल्या चहाकडे बघायचे."

भाच्याने आपल्या कपाकडे पाहिले. मग विचारले, "आणि तुमच्या गाडीत तो हलायचा का, अण्णा?"

"ते मला कसे ठाऊक असणार?" अण्णा म्हणाले. "मी पुढे असायचो."